कांचेच्या खोलींतली कळलावी

श्रावणाची अखेर आली, म्हणजे घोडेगांवाहून डिंभ्याच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, निवडुंगाच्या आणि करवंदीच्या जाळ्यांतून एक नाजूक वेल डोकें वर काढून फुललेली दिसते. जुन्नरहून आपटाळ्यावरून नाणेघाटाकडे जातांनाही ती भेटते. तिच्या फुलाच्या सहाही पाकळ्या मागें वळून आकाशाकडे उभ्या राहिलेल्या असतात. कळी हिरवी असते. उमललें म्हणजे फूल बुडाशीं पिवळें व टोंकांशीं तांबडें होतें, आणि पुढें कांहीं दिवसांत सारेंच लाल होऊन जातें. पाकळ्यांच्या कडा ज्वाळेसारख्या नागमोडी असतात. ज्यांचें बालपण घाटमाथ्याजवळ गेलें आहे अशा वाचकांनीं ही वेल एव्हांना ओळखली असेल. तिचें नांव कळलावी, संस्कृतांत अग्निशिखा.

या महिन्यांत तिच्याविषयीं लिहिण्याचें कारण असें घडलें. आमचा एक पुतण्या कांहीं वर्षांपासून नोकरीनिमित्त इंग्लंडांत लीड्स येथें असतो. तेथें पुष्कळ घरांच्या मागील अंगास कांचेच्या भिंती व कांचेचें छप्पर असलेली एक पडवीवजा खोली असते. थंडीच्या दिवसांत ऊन खात बसावें व नाजूक झाडें जपावीं, हा तिचा उपयोग. गेल्या वर्षीं वसंताच्या आरंभीं एका रोपवाटिकेंत त्याला पिशवींत एक कंद विकावयास ठेवलेला दिसला. पिशवीवरचें चित्र आपल्या कळलावीचें! परगांवीं शेजारचें माणूस अवचित भेटावें तसा त्याला आनंद झाला. कंद घरीं आणून त्यानें कुंडींत लावला, वेल काठीवरून छपरापर्यंत चढली, ऑगस्टांत फुलली, आणि फुलांचीं छायाचित्रें आमच्या घरांतल्या लहानथोरांस येऊन पोंचलीं. पण दिवाळीच्या सुमारास त्याचें लिहिणें आलें, तें काळजीचें होतें. पानें पिवळीं पडूं लागलीं होतीं. त्यानें पाणी दुप्पट केलें, खत घातलें, खोलींतली ऊब वाढविली. तरी वेल सुकतच चालली. काय चुकलें, असें त्यानें विचारलें होतें. पुण्या-मुंबईंत कांचेनें बंद केलेल्या गॅलऱ्यांत कुंड्या ठेवणाऱ्या कित्येक वाचकभगिनींनींही अशा वेलींविषयीं हाच प्रश्न आम्हांस विचारला आहे. म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देतों.

आधीं या वेलीची घडण समजून घेतली पाहिजे. कळलावीचा सारा संसार तिच्या कंदांत असतो. हा कंद बटाट्यासारखा गोल नसतो. हाताचीं दोन बोटें एका ठिकाणीं जोडून फांकवावीं तसा तो दिसतो. नांगराशीं असलेल्या या साम्यावरून संस्कृतांत तिला लांगली असेंही म्हणतात. कंदाच्या प्रत्येक बोटाला टोंकाशीं एकच डोळा असतो. तो मोडला, तर त्या बोटास कोंब फुटत नाहीं. बटाट्याच्या अनेक फोडी करून लावाव्या तसें हिच्या बाबतींत करतां येत नाहीं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. यंदाचा कंद पुढील वर्षीं राहत नाहीं. पावसाळ्यांत वेल वाढते ती जुन्या कंदाच्या पुंजीवर; पुढें पानें जें अन्न तयार करतात तें नव्या कंदांत सांठतें, आणि जुना कंद चिपाड होऊन जातो. सांठवण पुरी झाली, कीं पानांचें काम संपलें. आश्विन-कार्तिकांत पानें पिवळीं पडतात तो रोग नव्हे. पिकलेलें शेत पिवळें व्हावें तसेंच तें आहे. त्यापुढें सहा-सात महिने नवा कंद कोरड्या मातींत स्वस्थ पडून राहतो.

यूरोपच्या लोकांना ही वेल आज-कालची नाहीं. मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें सिद्ध केलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत अॅमस्टरडॅम येथें बारा खंडांत छापला गेला. त्यांत ती 'मेन्दोणी' या नांवानें सचित्र आली आहे. या ग्रंथाच्या कामीं रंग भट, विनायक पंडित व आपु भट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचें साह्य होतें, आणि त्यांची १६७५ सालची देवनागरी अक्षरांतील साक्ष पहिल्या खंडांत जशीच्या तशी छापलेली आहे. पुढें १७५३ मध्यें लिनियसनें तिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' हें शास्त्रीय नांव दिलें. खुद्द आपल्या भागांतही वनस्पतींची अशी जिज्ञासा जुनी आहे. नारायणगांवाजवळ हिवरे येथें एकोणिसाव्या शतकांत सरकारी वनस्पति-उद्यान होतें. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याची देखरेख करीत. हेच पुढें १८४७ मध्यें मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि डाल्झेल यांच्यासह त्यांनीं लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ मध्यें प्रसिद्ध झाला.

आतां कांचेविषयीं. जी वेल आमच्याकडे गुरांच्या वाटेवर आपोआप उगवते, तिला विलायतेंत कांचेचें घर कां लागावें? याचें कारण केवळ थंडी नव्हे. तेथें हिंवाळ्यांत माती थंड असते आणि ओलीही असते, व अशा मातींत निजलेला कंद कुजतो. शिवाय कोंब फुटण्यास सुमारें वीस अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ऊब लागते. ती तेथील वसंतांत उघड्यावर मिळत नाहीं. म्हणून तेथील माळी फेब्रुवारी-मार्चांत कंद कांचेखालीं कुंडींत आडवा लावतात, कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचें घालतात, वेल चालूं लागली कीं सढळ हातानें घालतात, भर उन्हाळ्यांत कांचेवर पडदा ओढतात, आणि फुलें संपलीं कीं पाणी हळूहळू तोडून हिंवाळाभर कुंडी कोरडी ठेवतात.

आमच्याकडे हीच सारी व्यवस्था आकाश पाहतें. वैशाखांतल्या वळिवानें माती भिजते, मृगाच्या पावसानें कोंब वर येतो, आषाढांत वेल झुडपावर चढते, श्रावण-भाद्रपदांत फुलते. डोंगराच्या उतारावर पाणी सांचून राहत नाहीं, म्हणून एवढ्या पावसांतही कंद कुजत नाहीं. आश्विनांत पाऊस थांबतो, आणि पुढें चैत्रापर्यंत जमीन कोरडी ठणठणीत राहते. विलायतेंत कांच हें सारें काम करते, पण तेथें पाऊस पाडणें आणि थांबविणें मात्र माणसाच्या हातीं असतें. आमचा पुतण्या चुकला तो येथेंच. त्यानें पाऊस थांबविलाच नाहीं.

त्याचें लिहिणें आम्हीं घरांत वाचून दाखविलें, तेव्हां आमच्या थोरल्या वहिनी भाजी निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं वनस्पतिशास्त्राचें पुस्तक कधीं उघडलेलें नाहीं. पण घोडेगांवच्या वाडींत त्यांचीं पंचावन्न वर्षें गेलीं आहेत. त्यांनीं लगेच पुतण्याला फोन लावावयास सांगितला.

"अरे, ती मेलेली नाहीं, निजते आहे," त्या म्हणाल्या. "निजलेल्याला उठवून कोणी जेवूं घालतें का? पाणी बंद कर आधीं."

"काकू, पण अगदींच वाळून गेली तर?"

"वाळूं दे. वाळल्यावर उकर, आणि मला दाखव."

तीन आठवड्यांनीं त्यानें कुंडी उपडी केली. जुन्या कंदाचें नुसतें साल उरलें होतें. त्याच्या जागीं नवा कंद धरला होता. त्याचें एक बोट जास्त पाण्यानें मऊ पडून काळें झालें होतें, दुसरें मात्र टणक होतें व त्याच्या टोंकाचा डोळा शाबूत होता. वहिनींच्या सांगण्यावरून त्यानें कुजका भाग कापून टाकला, कंद सावलींत सुकविला, आणि कोरड्या वाळूंत ठेवावयाचें ठरविलें. आतां ठेवावयाचा कोठें? घरांत ऊब असते ती स्वयंपाकघरांत. त्यानें सहज सांगितलें, कीं कांदे-बटाट्यांच्या फडताळांत खालच्या कप्प्यांत ठेवतों.

त्याची मुलगी तेव्हां नुकती दोन वर्षांची झाली होती. वहिनींचा आवाज एकदम चढला. "स्वयंपाकघरांत नाहीं. मुळींच नाहीं." आणि मग त्यांनीं जें सांगितलें, तें आमच्यापैकीं कोणींही आजवर ऐकलें नव्हतें.

आमच्या लहानपणीं हीं फुलें घरांत आणावयास सक्त मनाई असे. कोंकणांत कांहीं ठिकाणीं ह्याच फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात व गौरीपुढें ठेवतात. आमच्या घरीं मात्र हातांत फूल दिसलें तरी आजी तें बाहेर टाकावयास लावी. हें फूल घरांत आलें कीं जावाजावांत भांडणें लागतात, कळ लावणारी म्हणूनच ती कळलावी, असें ती सांगे. तिचें संस्कृत नांव कलिकारी, म्हणजे कलह करणारी, असें आहे, आणि हा समज पुष्कळ घरांतून आढळतो. पुढें शिकल्यावर आम्ही त्यास हंसत असूं. एकत्र कुटुंबांत भांडणें लागण्यास फुलाची गरज लागत नाहीं, हें आम्ही रोज पाहत होतों!

परंतु 'कळ' या शब्दाचा दुसरा अर्थ प्रसूतीची वेणा असा आहे. अडलेल्या बाईच्या तळपायांस किंवा बेंबीखालीं हा कंद उगाळून लावण्याची चाल जुनी आहे. नांव पडलें तें बहुधा त्यावरूनच. आमच्या आजीची थोरली बहीण पहिल्या खेपेस घाटाखालच्या एका वाडींत अडली होती. पावसाळ्याचे दिवस, नदीला पूर, डॉक्टर दूर. कंद उगाळून लावला, गुण येईना. तेव्हां कोणी तरी तो पाण्यांत कालवून तिला पाजला. मूल झालें आणि जगलें. आई मात्र तिसऱ्या दिवशीं गेली. कंद कोणी पाजला, हें घरांत पुन्हां कोणीं उच्चारलें नाहीं. पणजोबांनीं वाडीच्या कुंपणांतली सारी कळलावी खणून काढविली, आणि मुलांना कारण सांगितलें तें भांडणाचें. वहिनींना खरें कारण त्यांच्या सासूनें एकदांच सांगितलें होतें.

ज्या समजुतीला आम्ही हंसलों, ती पणजोबांनीं विषाभोंवतीं घातलेलें कुंपण होतें. मुलाला विषाची भीति कळत नाहीं, पण आजीच्या रागाची कळते. मात्र अशा कुंपणाचा दोष हा, कीं मूल शिकून मोठें झालें म्हणजे तें सहज ओलांडून जातें, आणि पलीकडे काय आहे हें त्याला ठाऊक नसतें. आमचा पुतण्या भांडणांस भिणारा नव्हता, म्हणूनच तो कंद कांद्याबटाट्यांत ठेवणार होता. यासाठीं आतां खरें कारण सांगणें बरें.

कळलावीचें मूळ, खोड, पान, फूल, बीं, सर्वच विषारी आहे; कंद व बिया विशेष. त्यांतील मुख्य विषद्रव्य कोल्चिसीन. तें शिजवल्यानेंही जात नाहीं. कंद रताळ्यासारखा दिसतो, आणि रताळें समजून तो खाल्ल्यानें माणसें दगावल्याचीं उदाहरणें श्रीलंकेंत नमूद आहेत. खाल्ल्यावर कांहीं तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात. ते थांबल्यासारखे वाटले तरी धोका टळलेला नसतो. पुढील दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड, हृदय व रक्त यांवर परिणाम होतो, आणि जो वांचतो त्याचे केंसही पुढें एक-दोन आठवड्यांत गळतात. म्हणून मुलानें तुकडा तोंडांत घातल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करीत बसूं नये. लक्षणांची वाट न पाहतां त्याला थेट रुग्णालयांत न्यावें, व झाडाचा तुकडा पिशवींत घालून बरोबर घ्यावा. आयुर्वेदांत लांगलीची गणना उपविषांत केलेली आहे, आणि तिचा औषधी उपयोग शोधन केल्यावरच सांगितला आहे. तें काम वैद्याचें, घरचें नव्हे. कांहीं भागांत हिलाच बचनाग म्हणतात. खरा बचनाग हिमालयांतली अगदीं निराळी, पण तितकीच विषारी वनस्पति आहे. यासाठीं नांवावर विसंबून कोणतीही मुळी घेऊं नये.

हेंच विष मोजून दिलें तर औषध होतें. संधिवाताचा वातरक्त म्हणून जो प्रकार आहे, त्यावर डॉक्टर कोल्चिसीन देतात. वनस्पतींतील रंगसूत्रांची संख्या त्यानें दुप्पट करतां येते हें १९३७ मध्यें दाखविलें गेलें, आणि तेव्हांपासून नवीन वाण काढणारे शास्त्रज्ञ तें वापरीत आले आहेत. या द्रव्यासाठीं तमिळनाडूंत कळलावीची शेती होते व बिया परदेशीं जातात. तमिळनाडूचें तें राज्यपुष्प आहे, आणि आफ्रिकेंतील झिंबाब्वेचें राष्ट्रपुष्प. १९४७ मध्यें राजकन्या एलिझाबेथ हिला तेथील, म्हणजे त्या वेळच्या दक्षिण ऱ्होडेशियाच्या, मुलांनीं याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला होता.

इतकें वाचूनही ज्यांना ही वेल लावावीशी वाटेल, त्यांनीं ती अवश्य लावावी. घरांत रांगतें मूल असेल, तर मात्र तें मोठें होईतों थांबावें, आणि कुत्रें-मांजर असेल, तर लावूंच नये. एक फूट खोल कुंडी घ्यावी. बुडाशीं खापऱ्या, वर माती, वाळू व कुजलेलें शेणखत समभाग. वैशाखाच्या अखेरीस कंद आडवा ठेवून वर दोन इंच माती घालावी. डोळ्याला धक्का लागूं देऊं नये. हातांत रबरी मोजे असावे. काठी किंवा जाळी प्रथमच रोवावी, मागाहून रोवतांना कंद दुखावतो. या वेलीला वेगळे तणावे नसतात. पानाचें टोंकच लांब होऊन आधाराला विळखा घालतें, म्हणून आधार बारीक हवा, जाड खांब तिला धरवत नाहीं. कोंब आल्यावर नेमानें पाणी द्यावें, पण थाळींत सांचूं देऊं नये. बंद गॅलरींत दुपारीं कांच उघडी ठेवावी. पश्चिमेचें ऊन कांचेतून आलें तर पानें होरपळतात. पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी तोडावें, आणि वेल वाळल्यावर कुंडी पाऊस न लागेल अशा कोरड्या जागीं ठेवावी. कार्तिकांत अवकाळी पाऊस येतो, तेवढ्यापुरता कांचेचा उपयोग आपल्याकडेही आहे. कंद काढून ठेवलाच, तर डब्यावर 'विष' असें ठळक लिहावें, आणि डबा कुलपांत ठेवावा.

आणखी एक विनंती. भीमाशंकर, आहुपे किंवा नाणेघाटाच्या सहलीहून येतांना वाटेवरचा कंद उकरून आणूं नये. औषधांसाठीं मुळ्या खणणाऱ्यांनीं ही वेल पुष्कळ ठिकाणीं विरळ केली आहे. त्याच डोंगरांत कंदिलपुष्पाच्या दुर्मिळ जाती आहेत; त्यांपैकीं 'सेरोपेजिया रोले' ही तर हेमाद्रि यांनीं गेल्या शतकांत जुन्नरच्या परिसरांतूनच जगापुढें आणली. कुदळीला एक कंद दुसऱ्याहून निराळा कळत नाहीं. कळलावीचे लागवडीचे कंद रोपवाटिकांतून मिळतात. बियांपासूनही रोप होतें. मात्र फूल यावयास तीन-चार वर्षें लागतात, तेवढा धीर धरावा.

पुतण्यानें कंद वाळूंत घालून डबा आपल्या कामाच्या खोलींत, कुलूप असलेल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. डब्यावर मराठींत आणि इंग्रजींत दोन्हीकडे लिहिलें. मार्चांत कुंडींत लावला; पण महिना गेला, दीड महिना गेला, तरी मातींतून कांहीं दिसेना. दर रविवारीं तो फोनवर कुंडी दाखवी, आणि दर रविवारीं वहिनी म्हणत, "असूं दे, उकरूं नकोस."

मेच्या दुसऱ्या आठवड्यांत मातींतून बोराएवढें हिरवें टोंक वर आलेलें त्यानें दाखविलें. कुंडी आतां उंच मांडणीवर होती, आणि भोंवतीं जाळी होती. मागें त्याची मुलगी वडिलांचा सदरा ओढीत उभी होती. वहिनींनीं चष्मा लावून आधीं ती जाळी नीट पाहिली, मग कोंब पाहिला, आणि म्हणाल्या, "हं. आतां घाल पाणी."